कागदाची मुदत

बारावीचा निकाल लागला की मुलचेरा, आष्टी, लगाम, आलापल्ली या पट्ट्यात एक प्रश्न घरोघरी विचारला जातो. आयटीत जायचं तर तीन-चार वर्षं घालवून पदवी घ्यायची, की सहा महिन्यांत एखादं सर्टिफिकेट काढून सरळ कामाला लागायचं? मुलांच्या मोबाइलवर पुण्यातलं किंवा बेंगळुरूतलं कुणीतरी सांगत असतं की पदवीचे दिवस गेले, कंपन्या आता फक्त कौशल्य बघतात. आई-वडिलांना त्यातलं फारसं कळत नाही, पण सहा महिने आणि तीन वर्षं यांतला फरक त्यांना चांगला कळतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना संगणक शिकवण्यात, त्यांचे अर्ज वाचण्यात आणि त्यांना मुलाखतीला तयार करण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. मुलचेऱ्याच्या मुलाने किंवा मुलीने आधी पदवी घ्यावी. ती साधी असो, जवळच्या कॉलेजातली असो, मुक्त विद्यापीठाची असो. सर्टिफिकेटही जरूर घ्यावं, पण नोकरी मागायला निघण्याच्या तोंडावर, आणि एकच. पदवीत जास्त ज्ञान मिळतं म्हणून मी हे म्हणत नाही. कागद कोण मागतं, तो किती वर्षं चालतो आणि त्याचे पैसे कोण भरतं, या तीन गोष्टी पाहिल्या की आपल्या भागापुरतं उत्तर याच बाजूला झुकतं.

कागद कोण मागतं, हे समजायला एमएस-सीआयटीचं उदाहरण पुरेसं आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ साली हा अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांतून त्याची केंद्रं उभी राहिली. जंगलातल्या गावांतून येऊन, भाड्याची खोली करून मुलांनी तो पूर्ण केला. त्यात शिकवलेलं वर्ड आणि एक्सेल उपयोगाचं होतंच. पण त्या कागदाला खरी किंमत आली ती सरकारने नोकरीच्या अटींत त्याचं नाव घातलं म्हणून. तलाठी होण्यासाठी, लिपिक होण्यासाठी तो लागतो, म्हणून आजही तो काढला जातो. तोच कागद नागपूरच्या मिहानमधल्या एखाद्या कंपनीत दाखवला तर त्याची कुणी दखल घेत नाही, कारण तिथे तो कुणी मागितलेलाच नसतो. कागदाची किंमत तो छापणाऱ्यापेक्षा तो मागणारा ठरवतो. एकोणीसशे नव्वदच्या दशकात नोव्हेलचं सीएनई हातात असलेल्या माणसाला मोठा मान होता. नोव्हेलची नेटवर्कं बाजारातून गेली आणि तो मानही गेला. मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसईसाठी लोकांनी कर्ज काढलं होतं. ३१ जानेवारी २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने ती परीक्षा कायमची बंद केली. त्यात कुणाची फसवणूक झाली असं नाही. सर्टिफिकेट एका कंपनीच्या एका वस्तूबद्दल असतं. ती वस्तू जोवर बाजारात आहे तोवर ते आहे.

शिवाय वस्तू बाजारात असली तरी कागदाला मुदत असतेच. सिस्कोचं सीसीएनए तीन वर्षांचं, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची सर्टिफिकेटं तीन वर्षांची, मायक्रोसॉफ्टची अ‍ॅझ्युअरवरची बहुतेक कामनिहाय सर्टिफिकेटं वर्षभराची. ती ऑनलाइन चाचणी देऊन फुकट वाढवून मिळतात, पण वेळेत वाढवावी लागतात. शहरात आधीच नोकरीला असलेल्या माणसाला याचा त्रास होत नाही. रोजचं काम तेच असतं, कंपनी फी भरते, तीन वर्षांनी तो पुन्हा बसतो. आपल्याकडच्या मुलाचं मात्र वेळापत्रक वेगळं असतं, आणि हा क्रम मी इतक्यांदा पाहिला आहे की आता तो आधीच दिसू लागतो. बारावीनंतर मुलगा नागपुरात राहून सर्टिफिकेट काढतो. दोन-तीन ठिकाणी अर्ज करतो, पदवी नाही म्हणून अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो. हातातले पैसे संपतात आणि तो गावी परततो. धानाची रोवणी येते, मग पोलीस भरती निघते, तिची तयारी चालते, मैदानी चाचणीत काही गुणांनी हुकतं. एव्हाना दोन वर्षं गेलेली असतात. पुन्हा आयटीकडे वळावं म्हटलं तर कागदावरची तारीख संपत आलेली असते, आणि सराव नसल्याने हातातलं कसबही गेलेलं असतं. याच मुलाकडे पदवी असती तर मधल्या दोन वर्षांनी तिचं काहीच बिघडवलं नसतं. काही वर्षांपूर्वीची बीएस्सी आजही तलाठी भरतीला चालते, बँकेच्या लिपिक परीक्षेला चालते, एमपीएससीला चालते. ज्याच्या आयुष्यात वर्षं वाया जाण्याची शक्यता जास्त, त्याने मुदत नसलेला कागद आधी मिळवावा, हे मला उघड वाटतं.

पैशाचा मुद्दा तर याहून मोठा आहे, आणि मोबाइलवरच्या सल्ल्यात तो कधीच येत नाही. सीसीएनएची फी तीनशे डॉलर, म्हणजे कर धरून पंचवीस हजारांच्या पुढे. अ‍ॅमेझॉनच्या आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेची दीडशे डॉलर. क्लासचे पैसे वेगळे. ही फी डॉलरमध्ये ठरते, ती भरायला शिष्यवृत्ती नाही, हप्ते नाहीत, आणि नापास झालात तर पुन्हा पूर्ण भरावी लागते. परीक्षा केंद्र गाठायचं तर नागपूर, मुलचेऱ्याहून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. घरून ऑनलाइन देता येते, पण त्याला कॅमेऱ्यासमोरची मोकळी, शांत खोली आणि न तुटणारं नेट लागतं. पावसाळ्यात वीज गेली आणि परीक्षा अर्धवट राहिली तर पुढचं सगळं कंपनीच्या मर्जीवर. पदवीसाठी मात्र सरकार पैसे मोजतं. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला महाडीबीटीवरून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि शिक्षणशुल्काचा परतावा मिळतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. नागपूर-पुण्यासारख्या शहरात शिकताना तिच्यातून राहण्या-जेवण्यासाठी वर्षाला साठ हजारांपर्यंत रक्कम खात्यात येते. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षणशुल्क पूर्ण माफ झालं आहे. मडावी-आत्राम घरातल्या मुलीला तीन वर्षांची पदवी सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटपेक्षा घरच्या पैशाने स्वस्त पडते, हे मी अनेक पालकांना कागदावर मांडून दाखवलं आहे. शिष्यवृत्तीचे हप्ते उशिरा येतात हे खरं. पण उशिरा येणारे पैसे आणि कधीच न येणारे पैसे यांत फरक आहे.

मुलचेरा तालुक्यात हा हिशेब सगळ्यांना सारखा लागू होत नाही, तेही सांगायला हवं. सुंदरनगर, विवेकानंदपूर अशा गावांतली बंगाली कुटुंबं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची. त्यांच्यातल्या नमःशूद्रांना बंगालमध्ये अनुसूचित जातीचा दर्जा आहे, महाराष्ट्रात नाही. ही त्यांची जुनी मागणी आहे. त्यामुळे शेजारच्या गोंड मुलाला मिळणारी शिष्यवृत्ती त्याच बाकावर बसणाऱ्या बंगाली मुलाला मिळत नाही. त्याने आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला आणि राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती यांच्या मागे लागावं. सवलत अर्धी असते, पण असते. या मुलांसाठी पदवी आणि सर्टिफिकेट यांच्या खर्चातलं अंतर कमी होतं. तरीही माझा सल्ला बदलत नाही, कारण पहिल्या दोन गोष्टी, कागद मागणारा आणि कागदाची मुदत, त्यांनाही तशाच लागू आहेत.

आता मोठा आक्षेप. जगातल्या नामांकित कंपन्यांनीच पदवीची अट काढली आहे, मग आपण ती का धरून बसायचं? अट काढली जाणं आणि पदवी नसलेल्या माणसाला प्रत्यक्ष नोकरी मिळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ साली अमेरिकेतल्या भरतीचा अभ्यास करून सांगितलं की पदवीची अट काढल्यामुळे ज्यांना खरोखर संधी मिळाली अशा नेमणुका सातशेत एकसुद्धा नव्हत्या. जाहिरातीतून ओळ गेली, निवडणाऱ्याची सवय गेली नाही. आपल्याकडे तर ती ओळही गेलेली नाही. कॅम्पसवरून मोठ्या संख्येने भरती करणाऱ्या अनेक कंपन्या आजही दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत साठ टक्के मागतात. हजारो अर्ज आले की संगणकच पहिली चाळणी लावतो आणि त्या चाळणीत तुमचं काम बघायला कुणी माणूस बसलेला नसतो. बारावीनंतर थेट घेणाऱ्या कंपनीचं उदाहरण म्हणून एचसीएलच्या टेकबीचं नाव घेतलं जातं. २०१७ पासून चाललेला तो कार्यक्रम चांगला आहे, नागपुरात कंपनीचं केंद्रही आहे. पण त्यातली मुलं काम करता करता बिट्स पिलानी, अ‍ॅमिटी अशा संस्थांतून पदवीच घेतात, आणि तशी सोय कंपनीनेच केलेली आहे. विप्रो बीसीए-बीएस्सी झालेल्यांना घेते आणि नोकरीत असताना एमटेक करवते. बारावीच्या किंवा पदवीच्या पायरीवर घेणाऱ्या कंपन्याही माणसाला पुढच्या पदवीकडे ढकलतात, ते उगाच नाही. त्याच कागदावर पुढे बढती आणि परदेशातलं काम अवलंबून असतं. याला खरा अपवाद झोहोचा आहे. २००५ पासून ती कंपनी स्वतःच्या शाळेत, विद्यावेतन देऊन, पदवी नसलेल्या मुलांना घडवते आणि कामावर घेते. ती तमिळनाडूत आहे आणि स्वतःपुरती घडवते. एका कंपनीच्या चांगुलपणावर एका जिल्ह्यातल्या मुलांचं भवितव्य टाकता येत नाही.

परदेशाचा विचार करणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीचं काहीतरी लागतं. शिक्षणाचं एक वर्ष कमी पडलं तर त्याजागी तीन वर्षांचा अनुभव मोजला जातो. आपली तीन वर्षांची बीसीए तिथल्या चार वर्षांच्या पदवीला सहसा पुरत नाही, म्हणून पुढे एमसीए करणं शहाणपणाचं. जर्मनीने नोव्हेंबर २०२३ पासून आयटीतल्या माणसाला पदवीशिवाय ब्ल्यू कार्ड द्यायला सुरुवात केली, पण त्यासाठी किमान तीन वर्षांचा त्या तोडीचा अनुभव हवा. म्हणजे पदवी नसली तर आधी कुणीतरी तुम्हाला तीन वर्षं कामावर ठेवलेलं असायला हवं, आणि आपल्या मुलांची अडचण नेमकी त्या पहिल्या नोकरीचीच आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो, कारण तो खरा आहे. आपल्या भागातल्या पदवीत शिकवतात काय? गोंडवाना विद्यापीठ २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं, गडचिरोलीत मुख्यालय आलं, मुलांची नागपूरची खेप वाचली. पण लहान कॉलेजांत शिक्षक तासिका तत्त्वावर असतात, प्रयोगशाळेतले अर्धे संगणक बंद असतात, प्रॅक्टिकलच्या वह्या मागच्या वर्षीच्या वह्यांवरून उतरवल्या जातात. बीएस्सी होऊन आलेल्या मुलाला स्वतःचा वीस ओळींचा प्रोग्राम लिहिता येत नाही, असं मी कितीतरी मुलाखतींत पाहिलं आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र त्यावर सर्टिफिकेट हा उपाय नाही. कारण सर्टिफिकेटच्या बहुतेक परीक्षांतही पर्याय निवडायचे असतात, आणि पाठ केलेले प्रश्नसंच विकणारे क्लास नागपुरात कमी नाहीत. रेड हॅटची परीक्षा वेगळी. तिच्यात चालत्या यंत्रासमोर बसून प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं, म्हणून मुलाखत घेणारे तिला मान देतात. मुद्दा असा की कॉलेज शिकवत नसेल तर ते तीन वर्षांचा मोकळा वेळ देतं, आणि तो वेळ वापरायची साधनं आता फुकट आहेत. एनपीटीईएलवर आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं पैसे न देता ऐकता येतात. परीक्षा द्यायची तरच हजारेक रुपये लागतात. २०२१ च्या नियमांनुसार ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावरच्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक चाळीस टक्क्यांपर्यंत पदवीत धरता येतात, पण कॉलेजने ते मान्य करायला हवं आणि विद्यार्थ्यांनी ते मागायला हवं. फारसं कुणी मागत नाही. दर सत्रात स्वतःच्या हाताने एक पूर्ण चालणारी गोष्ट बनवावी: गावच्या रेशन दुकानाची नोंदवही, तेंदूपत्त्याच्या पुड्यांचा हिशेब, बस थांब्यावरच्या वेळापत्रकाचं पान. ती इतरांना दिसेल अशा ठिकाणी ठेवावी. तीन वर्षांत अशी सहा कामं जमली की चाळणीतून पार झालेल्या अर्जाला बोलायला काहीतरी असतं. इंग्रजीचंही तसंच. या परीक्षा मराठीत होत नाहीत, कामाची कागदपत्रं मराठीत नसतात. घरी माडिया, शाळेत मराठी, आणि मग एकदम इंग्रजी, असा प्रवास करणाऱ्या मुलाला सहा महिने पुरत नाहीत. तीन वर्षं पुरू शकतात.

तिसरा आक्षेप घरातून येतो. तीन वर्षं थांबायची ऐपत नाही. याला मी कधीही उडवून लावलेलं नाही, कारण बरेचदा ते अक्षरशः खरं असतं. पण थांबणं आणि पदवी घेणं हे एकच असण्याची गरज नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून काम सांभाळून बीसीए करता येते. आयआयटी मद्रासची २०२० साली सुरू झालेली डेटा सायन्सची पदवी घरून शिकता येते; तिला जेईई लागत नाही, चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते, फीत सवलत असते, आणि मधल्या टप्प्यावर थांबलात तर प्रमाणपत्र किंवा पदविका हाती पडते. नव्या शैक्षणिक धोरणाने साध्या पदवीतही पहिल्या आणि दुसऱ्या वर्षानंतर अशी वाट ठेवली आहे. दरम्यान आपले सरकार सेवा केंद्रात काम करता येतं, ग्रामपंचायतीत संगणक परिचालक होता येतं, कोनसरीच्या पोलाद कारखान्यासारख्या ठिकाणी वजनकाट्याची किंवा साठ्याची नोंद ठेवण्याचं काम शोधता येतं. आयटीआयचा कोपा हा एक वर्षाचा संगणक अभ्यासक्रम अशा कामांना पुरतो. मात्र ती कामं पायरी म्हणूनच धरावीत. संगणक परिचालकांनी किती वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढली आणि त्यासाठी किती आंदोलनं केली, ते आपण पाहिलं आहे. गावचा सगळा ऑनलाइन कारभार ज्यांच्या बोटांवर चालतो, त्यांनाही पुढच्या पदासाठी अर्ज करताना पदवी विचारली जाते.

माझा सल्ला कुणाला लागू होत नाही? ज्याच्याकडे कुठलीही पदवी आधीच आहे, त्याला. बीए झालेल्या मुलीने आयटीत यायला पुन्हा पहिल्या वर्षाला बसू नये. तिच्याकडे मुदत नसलेला कागद आहे, आता कौशल्य आणि सर्टिफिकेट यांचीच पाळी आहे. नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या संगणक परीक्षा अशा वेळी विचारात घ्याव्यात. ‘ओ’ ते ‘बी’ अशा त्यांच्या पातळ्या सरकारी भरतीत मानल्या जातात. राष्ट्रीयीकृत बँकांच्या आयटी अधिकारी पदासाठी संगणकातलं अभियांत्रिकी किंवा पदव्युत्तर शिक्षण लागतं, पण कुठलाही पदवीधर ‘बी’ पातळी उत्तीर्ण असेल तर तोही पात्र ठरतो. पदवी आणि प्रमाणपत्र एकमेकांवर कसे उभे राहतात, ते या एका अटीत दिसतं. पदवीच्या शेवटच्या सत्रात असलेल्यांनी मात्र उशीर करू नये. कोणत्या कामासाठी अर्ज करायचा ते आधी ठरवावं, त्या कामाच्या पन्नासेक जाहिराती वाचाव्यात, त्यांत पुन्हा पुन्हा येणारं एकच सर्टिफिकेट निवडावं आणि निकालाच्या आसपास परीक्षा द्यावी, म्हणजे त्याची सगळी मुदत नोकरी शोधण्यात आणि टिकवण्यात वापरली जाईल. आणि बारावीतल्या मुलांनी एक तारीख चुकवू नये. २०२४ पासून महाराष्ट्रात बीसीएला सीईटी लागते. तिचा अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरावा लागतो. आपल्या भागातल्या अनेकांना हे निकालानंतर कळतं. अशांनी वर्ष घालवण्यापेक्षा बीएस्सीला प्रवेश घ्यावा.

राहतो तो त्या शेवटच्या सर्टिफिकेटच्या फीचा प्रश्न. पदवीपर्यंतचा खर्च सरकार उचलतं आणि नेमकं दारापाशी आलेल्या मुलाला पंचवीस हजारांसाठी अडवलं जातं, हे मला पटत नाही. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयांकडे न्यूक्लिअस बजेट असतं आणि त्यात प्रशिक्षणासाठी खर्च करायची तरतूद आहे. त्यातून दर वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांची परीक्षा फी भरावी; पास झालेल्याची पूर्ण, नापास झालेल्याची एकदा. आणि गडचिरोलीत विद्यापीठाच्या आवारात, जनरेटर आणि स्वतंत्र नेट असलेलं एक परीक्षा केंद्र उघडावं. मुलचेऱ्याच्या मुलीला दोन तासांच्या परीक्षेसाठी नागपूरला मुक्काम करावा लागू नये. पुढच्या वर्षीचे प्रस्ताव जेव्हा मागवले जातील तेव्हा कॉलेजांच्या प्राचार्यांनी आणि पालकांनी हे दोन्ही लेखी मागावेत.